न्यूयॉर्कमध्ये मोटारींपासून दूर सायकल: पाण्याकाठच्या वाटा नवख्यांनी कशा वापराव्यात

न्यूयॉर्कला नव्याने राहायला आलेल्या अनेकांना सायकल चालवायची इच्छा असते, पण रस्त्यावरचे ट्रक, टॅक्सी आणि घाईने वळणाऱ्या मोटारी पाहून ती मनातच राहते. हे शहर पाण्याने वेढलेले आहे, ही गोष्ट अशा वेळी फार उपयोगी पडते. हडसन, ईस्ट रिव्हर, हार्लेम रिव्हर आणि खाडी यांच्या काठाने सायकलींसाठी वेगळ्या राखलेल्या वाटा आहेत. नुसत्या मॅनहॅटनभोवतीच्या वाटेची लांबी सुमारे ३२ मैल, म्हणजे ५१ किलोमीटरच्या आसपास भरते. शिवाय दोन मोठ्या उद्यानांतल्या रस्त्यांवर मोटारींना २०१८ पासून कायमची बंदी आहे, आणि बंदरातल्या एका बेटावर खासगी मोटारी मुळातच जात नाहीत.

तरीही नवखा माणूस इथे गोंधळतो, आणि त्याचे कारण बहुधा वाट नसते. मोटारविरहित वाट याचा अर्थ मोटार तुमच्या शेजारून धावत नाही एवढाच आहे. ती आडवी येणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. वाट जिथे सुरू होते, जिथे रस्त्याला छेदते, जिथे मध्येच तुटते आणि जिथे पुलावर चढते, त्या जागा आधी समजून घ्याव्या लागतात. या जागांना मी पुढे सांधे म्हटले आहे. सरळ पट्ट्यावर सायकल कोणालाही चालवता येते. तुमची तयारी सांध्यांसाठी असायला हवी. पुढील सर्व क्रम त्याच विचाराने लावला आहे, त्यामुळे टप्पे शक्यतो याच क्रमाने घ्यावेत.

१. निघण्यापूर्वी सोबत काय असावे

खालच्या यादीतल्या पहिल्या तीन बाबी कायद्याने लागतात आणि त्यांतली एखादी नसली तरी दंडाची पावती मिळू शकते. बाकीच्या सोयीसाठी आहेत.

• चालू स्थितीतले ब्रेक आणि घंटी.
• पुढे पांढरा व मागे लाल दिवा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत ते लागलेले असणे बंधनकारक आहे.
• चौदा वर्षांखालील मुलांसाठी हेल्मेट. एक वर्षाखालील बाळाला सायकलवर नेण्यास न्यूयॉर्क राज्यात पूर्ण मनाई आहे.
• छायाचित्र असलेले ओळखपत्र. राज्याचे ओळखपत्र अजून मिळाले नसेल, तर शहराचे आयडीएनवायसी हे कार्ड काढून घ्यावे. ते शहरातल्या रहिवाशांना मोफत मिळते आणि त्यासाठी स्थलांतराचा दर्जा विचारला जात नाही.
• सुटी ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर आणि छोटा पंप, अर्थात सायकल स्वतःची असेल तर.
• पाण्याची बाटली. वाटेवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पण हिवाळ्यात ते बंद ठेवले जातात.

प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही. तरीही ते घालावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण या वाटांवर होणारी टक्कर पुष्कळदा दुसऱ्या सायकलशीच असते आणि दोघांचा वेग मिळून आघात मोठा होतो. शहराचा वाहतूक विभाग ठिकठिकाणच्या कार्यक्रमांत मोफत हेल्मेट वाटतो आणि ते डोक्यावर नीट बसवूनही देतो. कानात इयरफोन घालून गाणी ऐकायची असतील, तर कायद्याने तो एकाच कानात चालतो. पहिले काही आठवडे दोन्ही कान मोकळे ठेवलेले बरे.

नकाशाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पहिला गोंधळ इथेच होतो. मोबाइलवरच्या नकाशात सायकलचा थर लावला की शहरभर हिरव्या रेषा पसरलेल्या दिसतात आणि सगळीकडेच सायकलवाट आहे असे वाटू लागते. त्यांतल्या गडद हिरव्या रेषा म्हणजे रस्त्याबाहेरच्या वाटा. फिक्या रेषा म्हणजे रस्त्यावरचे सायकलपट्टे, ज्यांतले काही केवळ रंगाने आखलेले असतात आणि त्यांवर कोणीही मोटार उभी करून जातो. आणि तुटक रेषा म्हणजे नेहमीचा रस्ता, जो सायकलला त्यातल्या त्यात सोयीचा आहे इतकेच. शहराचा वाहतूक विभाग सायकलींचा छापील नकाशा काढतो, तो सायकलच्या दुकानांत मोफत मिळतो, आणि त्यात रस्त्याबाहेरची वाट, कठड्याने संरक्षित पट्टा व साधा पट्टा यांतला फरक स्पष्ट दाखवलेला असतो. घरी बसून तो एकदा शांतपणे वाचावा आणि ज्या सांध्यांवरून जायचे आहे, त्यांवर पेन्सिलीने खूण करावी.

अंतराचा अंदाज घेण्यासाठी एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. मॅनहॅटनमध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना क्रमांकाचे साधारण वीस रस्ते ओलांडले की एक मैल होतो. ५९ व्या रस्त्यापासून १२५ व्या रस्त्यापर्यंतचे अंतर या हिशेबाने सव्वातीन मैलांच्या आसपास, म्हणजे पाच किलोमीटरांहून थोडे अधिक आहे, हे नकाशा न उघडताही कळते.

२. सायकल भाड्याने घ्यावी की विकत

पहिले दोन-तीन महिने भाड्याची सायकल पुरेशी आहे. सिटी बाइक ही शहराची सायकल-वाटप सेवा २०१३ मध्ये सुरू झाली आणि तिची स्थानके पाण्याकाठच्या बहुतेक वाटांच्या जवळ आहेत. किमान वय १६ वर्षे आहे, आणि मुलाला पुढे-मागे बसवून नेता येत नाही. एका फेरीच्या तिकिटात ३० मिनिटे मिळतात, वार्षिक सदस्याला साध्या सायकलवर ४५ मिनिटे. त्यानंतर मिनिटागणिक आकार लागतो. विजेच्या सायकलला सदस्यांनाही मिनिटाचे वेगळे पैसे पडतात, आणि सायकल सोडवताना ही गोष्ट सहज नजरेआड होते. सायकल परत लावल्यावर हिरवा दिवा लागेपर्यंत तिथेच थांबावे. दिवा लागला नाही आणि तुम्ही निघून गेलात, तर फेरी संपलेली नसते आणि आकार वाढत राहतो.

या सेवेचा आणखी एक सापळा वाटेच्या लांबीत आहे. हडसनकाठच्या काही भागांत, विशेषतः १०० व्या ते १२५ व्या रस्त्यांदरम्यान, नदी आणि महामार्ग यांच्यामधून वाट जाते आणि तिथे एकही स्थानक नाही. या पट्ट्यात शिरण्याआधी घड्याळ पाहावे, आणि वेळ कमी उरली असेल तर जवळच्या स्थानकावर सायकल बदलून नवी फेरी सुरू करावी.

स्वतःची सायकल घेताना जुनी घेण्यास हरकत नाही, पण सांगाड्यावरचा अनुक्रमांक, जो बहुधा पेडलचा आस सांगाड्यात बसतो तिथे खालच्या बाजूस कोरलेला असतो, खोडलेला असेल तर ती घेऊ नये. घेतल्यावर त्या क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे. कुलूप यू आकाराचे आणि जाड पोलादाचे असावे; नुसती तार या शहरात काही मिनिटांत कापली जाते. सायकल झाडाला बांधणे इथे बेकायदेशीर आहे. विजेची सायकल घेणार असाल, तर तिच्यावर यूएल २८४९ हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहावे. बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत माणसे दगावल्यानंतर शहराने सप्टेंबर २०२३ पासून अशा प्रमाणपत्राशिवाय विक्रीस बंदी केली आहे, आणि स्वस्तात मिळणारी जुनी बॅटरी रात्री दाराजवळ चार्जिंगला लावून झोपणे हा धोका घरातल्या कोणावरही लादू नये.

३. भारतातून आलेल्यांनी हातांची सवय बदलावी

इथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे सर्वांना माहीत असते. पण समोरून अचानक कोणी आले, तर हात जुन्या सवयीने हँडल डावीकडे वळवतो आणि समोरचाही त्याच बाजूला येतो. दोन्ही दिशांची वर्दळ असलेल्या अरुंद सायकलवाटेवर ही चूक सर्वांत महाग पडते. त्याचबरोबर ब्रेकही तपासावेत. भारतात बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सायकलींचा पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो. घाबरून चुकीची मूठ जोरात दाबली, तर पुढचे चाक जागीच अडते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. कोणतीही नवी सायकल हाती आली की ती ढकलत चालावे, एकेक मूठ दाबून कोणते चाक अडते ते पाहावे, आणि मगच बसावे.

ओलांडून पुढे जायचे असेल, तर डावीकडून जावे आणि आधी घंटी वाजवावी किंवा ‘ऑन युअर लेफ्ट’ असे मोठ्याने म्हणावे. हे कोणी तुम्हाला म्हटले, तर डावीकडे वळून पाहू नका. सरळ रेषेत, उजव्या कडेने चालत राहा. थांबायचे असेल, तर वाटेतून पूर्णपणे बाहेर व्हा. फोटो काढण्यासाठी वाटेच्या मध्ये थांबणाऱ्यांमुळे मागून येणाऱ्याला क्षणभरही वेळ मिळत नाही.

पदपथावर सायकल चालवणे बेकायदेशीर आहे. बारा वर्षांपर्यंतची, २६ इंचांपेक्षा लहान चाकांची सायकल चालवणारी मुले याला अपवाद आहेत. वाट संपून पुढचा रस्ता अवघड वाटला, तर उतरून पदपथावरून सायकल हातात धरून चालावे; त्यात कमीपणा काही नाही. सिग्नलच्या बाबतीत, २०१९ च्या शहराच्या कायद्यानुसार चौकात सायकलस्वाराने पादचाऱ्यांचा सिग्नल पाळायचा असतो, मात्र सायकलचे चित्र असलेला स्वतंत्र सिग्नल असेल तिथे तोच पाळावा लागतो. विजेच्या सायकलींना ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १५ मैलांची मर्यादा लागू झाली आहे.

सायकलच येत नसेल, तर बाइक न्यूयॉर्क ही संस्था प्रौढांसाठी मोफत वर्ग घेते. तिथे वय विचारून कोणी हसत नाही, आणि लहानपणी सायकल शिकायला न मिळालेल्या अनेक स्त्रिया तिथे शिकून पुढे हडसनकाठी जातात, याचा मला फार आनंद वाटतो.

४. पहिली फेरी बंद वळशात करावी

नदीकाठी जाण्याआधी अशी जागा निवडावी जिथे सर्व सायकली एकाच दिशेने जातात आणि मोटारीचा प्रश्नच नाही.

ब्रुकलिनमधले प्रॉस्पेक्ट पार्क याला सर्वांत चांगले. जानेवारी २०१८ पासून तिथे मोटारी बंद आहेत आणि वळसा ३.३५ मैलांचा, म्हणजे साधारण ५.४ किलोमीटरांचा आहे. दिशा घड्याळाच्या काट्याच्या उलट आहे. ग्रँड आर्मी प्लाझापासून निघाल्यावर पश्चिमेची बाजू बहुतांशी उताराची लागते, मग तळ्याला वळसा पडतो आणि परतताना पूर्वेला एक लांब चढ येतो. चढावर उजव्या कडेला राहावे. डावीकडून शर्यतीचा सराव करणारे वेगाने येतात.

मॅनहॅटनच्या सेंट्रल पार्कमध्ये जून २०१८ मध्ये मोटारी पूर्ण बंद झाल्या. तिथला वळसा ६.१ मैलांचा आहे आणि त्याचीही दिशा उलटीच आहे. उत्तर टोकाला हार्लेम हिल नावाचा तीव्र उतार-चढ आहे. पूर्वेच्या बाजूने उत्तरेकडे जाताना १०२ व्या रस्त्याजवळची आडवी वाट धरली, तर तो टळतो आणि फेरी सुमारे एक मैलाने कमी होते. मुख्य वळसा सोडून उद्यानातल्या पायवाटांवर सायकल नेण्यास मनाई आहे, फक्त काही ठरावीक आडव्या वाटांवर ती चालते आणि तिथे तशा पाट्या असतात. दुपारी या वळशावर सायकलरिक्षा, घोडागाड्या, धावणारे आणि रस्ता ओलांडणारी पर्यटक कुटुंबे यांची एवढी गर्दी होते की नवख्याला सरावाचा लाभ मिळत नाही. सकाळी नऊच्या आत गेलात, तर हेच उद्यान वेगळे भासेल.

लहान मुले बरोबर असतील, तर गव्हर्नर्स आयलंड हे बेट निवडावे. स्टेटन आयलंड फेरी या बोटसेवेच्या धक्क्याशेजारील बॅटरी मेरीटाइम बिल्डिंगमधून तिथे बोट जाते, सायकल बोटीवर नेता येते आणि बेटाभोवतीची कडेची वाट सुमारे २.२ मैलांची, पूर्ण सपाट आहे. समोर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि मागे दक्षिण मॅनहॅटनच्या इमारती दिसत राहतात, त्यामुळे मुले कंटाळत नाहीत. शेवटच्या बोटीची वेळ मात्र जातानाच पाहून ठेवावी.

५. हडसनकाठची वाट: आधी मधला तुकडा घ्यावा

हडसन रिव्हर ग्रीनवे ही मॅनहॅटनच्या पश्चिम काठाने, दक्षिणेच्या बॅटरी पार्कपासून उत्तरेच्या इनवुडपर्यंत जाणारी जवळपास २० किलोमीटरांची वाट आहे आणि ती अमेरिकेतल्या सर्वांत वर्दळीच्या सायकलवाटांपैकी एक मानली जाते. बहुतेक लोक दक्षिण टोकापासून सुरुवात करतात, कारण नकाशावर ते स्वाभाविक दिसते. नवख्याने तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वाधिक सांधे दक्षिण भागातच आहेत.

बॅटरीपासून ५९ व्या रस्त्यापर्यंत वाट वेस्ट स्ट्रीट या मोठ्या रस्त्याला लागून जाते आणि धक्क्यांकडे वळणाऱ्या मोटारी तिला वारंवार छेदतात. ३० व्या रस्त्याजवळ हेलिकॉप्टरतळ आहे. ३९ व्या रस्त्याजवळ फेरीबोटीचा धक्का असून तिथे उतारूंची रीघ वाट ओलांडते. ४६ व्या रस्त्याला इन्ट्रेपिड हे संग्रहालयात रूपांतर झालेले विमानवाहू जहाज आहे आणि त्याच्या पुढे प्रवासी जहाजांचे धक्के. मोठे जहाज लागलेल्या दिवशी तिथे टॅक्सींची आणि बसगाड्यांची रांग वाटेच्या तोंडाशी येते. अशा प्रत्येक जागी सायकलचा सिग्नल असतो. तो हिरवा असला, तरी शेजारच्या रस्त्यावरून वळणारा चालक तुमच्याकडे पाहतो आहे का, हे पाहूनच पुढे जावे. वाटेच्या तोंडाशी दिसणारे जाड पोलादी खांब २०१७ नंतरचे आहेत. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला एका माणसाने भाड्याचा ट्रक या वाटेवर घातला आणि आठ जणांचा जीव गेला. त्या खांबांच्या मधून जाताना वेग कमी करावा, कारण समोरून येणाऱ्यालाही त्याच फटीतून यायचे असते.

या भागातली आणखी एक चूक म्हणजे पाण्याला अगदी लागून असलेल्या रुंद फरसबंदीवर सायकल घालणे. बॅटरी पार्क सिटीजवळ आणि हडसन रिव्हर पार्कमध्ये पाण्याकडची जागा चालणाऱ्यांसाठी आहे. सायकलची दोन दिशांची डांबरी वाट रस्त्याच्या बाजूला आहे. पाणी पाहायचे असेल, तर उतरून एखाद्या धक्क्यावर चालत जावे. जुने धक्के आता बागा झाले आहेत आणि तिथे बसायला जागा आहे, शौचालयेही आहेत.

म्हणून पहिल्या वेळी ५९ व्या रस्त्यापासून उत्तरेकडे १२५ व्या रस्त्यापर्यंतचा तुकडा घ्यावा. इथे वाट उद्यानातून जाते आणि मोटारी आडव्या येण्याच्या जागा जवळजवळ नाहीत. गर्दी आहे ती पादचाऱ्यांची. ७० ते ९० या रस्त्यांच्या पट्ट्यात चालणारे, कुत्र्यांना फिरवणारे आणि मुलांच्या गाड्या ढकलणारे पालक यांच्यात वाट वाटून घ्यावी लागते, आणि ‘सायकलवरून उतरा’ किंवा ‘सायकल इकडून’ असे सांगणाऱ्या पाट्या मध्ये येतात. त्या पाळाव्यात, कारण लोकांच्या तक्रारी वाढल्या की वाटा बंद करण्याची मागणी होते. त्यानंतर १०० व्या रस्त्यापासून चेरी वॉक सुरू होतो. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला महामार्ग आणि मध्ये झाडांखालची वाट. हा भाग फार सुंदर आहे, पण शिरल्यावर १२५ व्या रस्त्यापर्यंत बाहेर पडायला जागा नाही, त्यामुळे पंक्चर झाले तर सायकल ढकलतच चालावे लागते. १२५ व्या रस्त्याला बाहेर पडून ब्रॉडवेवर सबवेची, म्हणजे शहरी रेल्वेची, १ क्रमांकाची गाडी मिळते. स्थानक उंचावर आहे, जिने चढण्याची तयारी ठेवावी.

हा तुकडा सहज झाला की पुढच्या वेळी जॉर्ज वॉशिंग्टन पुलापर्यंत जावे. १९३१ मध्ये खुल्या झालेल्या या प्रचंड पुलाच्या पायाशी एक छोटे लाल दीपगृह आहे आणि परतण्यासाठी तीच योग्य जागा. त्याच्या पुढे वाट एकदम तीव्र चढाने, आंधळ्या वळणांनी वर जाते. उतरणाऱ्याला चढणारा दिसत नाही. नवख्याने तो चढ नंतरसाठी ठेवावा.

वाऱ्याचा विचारही इथेच करायला हवा. उन्हाळ्याच्या दुपारी वारा बहुधा दक्षिणेकडून आणि हिवाळ्यात वायव्येकडून येतो, आणि उघड्या नदीवर त्याला अडवणारे काही नसते. जाताना पाठीशी वारा असेल, तर आपण फार दमदार आहोत असे वाटते आणि परत येताना पाय उचलत नाहीत. शक्य असेल तेव्हा वाऱ्याविरुद्ध निघावे आणि वाऱ्याबरोबर परतावे. अंधार पडल्यानंतर चेरी वॉक आणि त्याच्या उत्तरेचा भाग टाळावा.

६. पूल ओलांडताना बाजू चुकू नये

ईस्ट रिव्हरवरच्या पुलांवर सायकलींना वेगळी वाट आहे, पण प्रत्येकाची बाजू वेगळी आहे आणि चुकीच्या बाजूने चढलात, तर मध्येच बदलता येत नाही.

ब्रुकलिन ब्रिजचा वरचा लाकडी मार्ग फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये खालच्या रस्त्यातली मोटारींची एक मार्गिका काढून तिथे कठड्याआड दोन दिशांची सायकलवाट केली गेली. ती अरुंद आहे आणि ओलांडून पुढे जाण्याइतकी जागा बहुतेक ठिकाणी नाही. मॅनहॅटन ब्रिजवर सायकली उत्तरेच्या बाजूने आणि पादचारी दक्षिणेच्या बाजूने जातात. विल्यम्सबर्ग ब्रिजवर मॅनहॅटनकडची सुरुवात डिलॅन्सी स्ट्रीटच्या मधोमध आहे. क्वीन्सबरो ब्रिजवर मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांसाठी दक्षिणेची बाजू स्वतंत्र झाली आणि उत्तरेची बाजू सायकलींसाठी मोकळी राहिली. मला नवख्यांसाठी मॅनहॅटन ब्रिज सर्वांत सोपा वाटतो, कारण तिथे पर्यटक कमी असतात. चारही पुलांवर चढ लांबच लांब आहे आणि उतार त्याहून फसवा. उतरताना ब्रेक थोडे थोडे दाबत राहावे आणि पायथ्याच्या चौकात थांबायची तयारी ठेवावी. स्टेटन आयलंडला जोडणाऱ्या व्हेराझानो-नॅरोज पुलावर सायकलला वाट नाही. तिकडे जायचे असेल, तर मोफत असलेली स्टेटन आयलंड फेरी घ्यावी. सायकली खालच्या मजल्यावरून चढवतात.

७. ब्रुकलिनचा किनारा

ब्रुकलिन वॉटरफ्रंट ग्रीनवे ग्रीनपॉइंटपासून दक्षिणेकडे जातो, परंतु तो सलग उद्यानातून जाणारा मार्ग नाही. केंट अॅव्हेन्यू आणि फ्लशिंग अॅव्हेन्यूवर तो रस्त्याशेजारचा पट्टा आहे, ब्रुकलिन ब्रिज पार्कजवळ तो पाण्याजवळ येतो आणि पुढे पुन्हा रस्त्याला लागतो. त्यामुळे संपूर्ण मार्गाचा हट्ट न धरता एक तुकडा निवडावा.

माझ्या दृष्टीने उत्तम तुकडा बे रिजचा आहे. ६९ व्या रस्त्याच्या धक्क्यापासून शोअर पार्कवेच्या कडेने, व्हेराझानो पुलाखालून, बेन्सनहर्स्टपर्यंत जाणारी ही वाट पूर्ण सपाट आहे, एकही सिग्नल नाही, आणि खाडीतून आत येणारी मोठी मालवाहू जहाजे अगदी जवळून दिसतात. सबवेच्या आर गाडीने बे रिज अॅव्हेन्यूपर्यंत किंवा फेरीबोटीने थेट धक्क्यावर येता येते. सापळा हा की वाट आणि वस्ती यांच्यामध्ये महामार्ग आहे आणि तो ओलांडण्यासाठी मोजकेच पादचारी पूल आहेत. त्यांच्यातले अंतर मोठे असल्यामुळे पावसाची चिन्हे दिसली, तर वेळेत मागे फिरावे.

ऑशन पार्कवेची वाट प्रॉस्पेक्ट पार्कपासून कोनी आयलंडकडे झाडांच्या रांगांमधून जाते. १८९४ मध्ये खुली झालेली ही वाट देशातली पहिली सायकलवाट म्हणून ओळखली जाते आणि तिचा मान मोठा आहे, पण ती दर थोड्या अंतरावर रस्त्यांना छेदते आणि वळणाऱ्या मोटारींकडे सतत लक्ष ठेवावे लागते. म्हणून ती शेवटी घ्यावी. उन्हाळ्यात कोनी आयलंडच्या लाकडी बोर्डवॉकवर सायकल फक्त सकाळच्या ठरावीक वेळेत चालते. पाटी वाचूनच चढावे.

८. ईस्ट रिव्हर: तुटलेल्या वाटेला नकाशा हवाच

मॅनहॅटनचा पूर्व काठ नकाशावर सलग दिसला, तरी संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाजवळ वाट तुटते. डिसेंबर २०२३ मध्ये ५३ व्या ते ६१ व्या रस्त्यांदरम्यानचा नवा तुकडा खुला झाला, पण त्याच्या दक्षिणेला अजून खंड आहे आणि तिथे उत्तरेकडे जाताना फर्स्ट अॅव्हेन्यूच्या, दक्षिणेकडे येताना सेकंड अॅव्हेन्यूच्या संरक्षित पट्ट्यातून जावे लागते. ते पट्टे शहराच्या मध्यातले आहेत. शिवाय २०१२ च्या सँडी वादळानंतर हाती घेतलेल्या पूरसंरक्षणाच्या कामामुळे ईस्ट रिव्हर पार्कचे भाग टप्प्याटप्प्याने बंद आणि खुले होत आले आहेत. निघण्याच्या आदल्या दिवशी शहराच्या संकेतस्थळावर कोणता भाग बंद आहे ते पाहावे. सुरुवातीच्या काळात या काठाला न जाणे हाच उत्तम निर्णय.

अपवाद एकच. पूर्वेच्या १०३ व्या रस्त्याजवळून एक पादचारी पूल रँडल्स आयलंडकडे जातो, आणि बेटाच्या कडेच्या वाटा शांत व सपाट आहेत. २०१५ मध्ये खुल्या झालेल्या छोट्या पुलाने तिथून ब्राँक्समध्येही उतरता येते.

९. सायकल गाडीतून नेणे

सबवेमध्ये सायकल केव्हाही नेता येते, परंतु कामावर जाण्या-येण्याच्या गर्दीत नेऊ नये. चक्राकार दाराशी भाडे भरून, स्थानकातल्या कर्मचाऱ्याला सांगून, शेजारच्या मोठ्या फाटकातून आत जावे. टोकाच्या डब्यात जागा अधिक असते. सायकल हाताने धरून उभे राहावे आणि दाराची वाट मोकळी ठेवावी. शहरातून उत्तरेकडच्या उपनगरांत जाणाऱ्या मेट्रो-नॉर्थ रेल्वेवर पूर्वी सायकलसाठी परवाना लागत असे, तो २०२१ मध्ये रद्द झाला. गर्दीच्या वेळच्या गाड्यांत मात्र सायकल चालत नाही.

मेट्रो-नॉर्थची ही सोय ध्यानात ठेवण्याचे कारण आहे. शहरातल्या वाटा अंगवळणी पडल्या की १ क्रमांकाच्या गाडीने शेवटच्या २४२ व्या रस्त्याच्या स्थानकापर्यंत जावे आणि व्हॅन कोर्टलंड पार्कमधून जुन्या पुटनम रेल्वेमार्गावर केलेली वाट धरावी. २०२० च्या अखेरीस पूर्ण झालेल्या, ७५० मैलांच्या एम्पायर स्टेट ट्रेलचा हा भाग आहे. रेल्वेच्या जुन्या मार्गामुळे चढ सौम्य आहेत, सांधे विरळ आहेत आणि वाट उत्तरेला ब्रूस्टरपर्यंत जाते, जिथून हार्लेम मार्गावरची मेट्रो-नॉर्थ गाडी तुम्हाला सायकलसह परत आणते. पूर्ण अंतर एका दिवसात करण्याची घाई नको. अर्ध्यावरून परत फिरा, आणि जाण्यापूर्वी परतीच्या गाड्यांपैकी कोणत्या गाड्यांत सायकल चालते ते वेळापत्रकात पाहून घ्या.